विश्लेषण : सकाळचा नाश्ता टाळला तर बिघडते काय?

सकाळी वर्धा शहरात तर्री-पोह्यांच्या गाड्यांभोवती गर्दी जमते. त्याच गर्दीकडे पाठ फिरवून 'आम्ही दोनदाच जेवतो' असे सांगणारेही आता विदर्भात कमी नाहीत. यातले बरोबर कोण? जिल्ह्यातल्या सेवाग्रामशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या महात्मा गांधींनी या प्रश्नाला आयुष्यात दोन वेगळी उत्तरे दिली.

गांधीजींनी नाश्ता का सोडला होता?

जोहान्सबर्गला वकिली करताना त्यांना बद्धकोष्ठ आणि डोकेदुखीचा त्रास होता. मँचेस्टरमध्ये 'नाश्ता न करणाऱ्यांची' संघटना निघाल्याचे त्यांनी वाचले आणि सकाळचे खाणे बंद केले. पहिले काही दिवस जड गेले, पण डोकेदुखी थांबली. आत्मकथेत त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र नाश्त्याविरुद्ध नाही. आपण गरजेपेक्षा जास्त खात होतो, एवढाच तो आहे.

पुढे 1936 मध्ये ते शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. 1942 मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी 'आरोग्याची किल्ली' लिहिली. तीत मात्र दिवसातून तीनदा खाणे सांगितले आहे आणि त्यातले पहिले, कामाला निघण्यापूर्वी. त्यांचा आक्षेप होता तो अधूनमधून चरत राहण्याला.

संशोधन काय सांगते?

नाश्ता टाळणारे जाड होतात, हा समज मुख्यतः निरीक्षणांवर उभा आहे. नाश्ता टाळणाऱ्यांत धूम्रपान करणारे, अपुरी झोप घेणारेही असतात. मग दोष नेमका कशाला द्यायचा? 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 2019 साली 13 प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नाश्ता करणाऱ्यांच्या पोटात दिवसाला सरासरी 260 कॅलरी जास्त जात होत्या आणि त्यांचे वजन साधारण 0.44 किलोने अधिक होते. फरक किरकोळच. शिवाय हे प्रयोग अल्पकाळाचे, बहुतेक ब्रिटन-अमेरिकेतले आणि दर्जाने कच्चे होते. त्यामुळे नाश्ता सोडला की वजन उतरते, असेही त्यावरून म्हणता येत नाही.

दोन वेळा जेवणाऱ्यांचे काय?

नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली ही पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी नेली. तिच्यात 'नाश्ता नको' असा नियमच नाही. खरी भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या आणि 55 मिनिटांच्या आत जेवायचे. त्यातली एक वेळ सकाळचीही असू शकते. पोहे सोडले, पण दिवसभर साखरेचा चहा आणि सोबत गोरसपाक सुरू ठेवला, तर पद्धत पाळली असे होत नाही.

नाश्ता कोणी टाळू नये?

वाढत्या वयाच्या मुलांना एका बैठकीत पुरेसे खाता येत नाही. शाळेतला पोषण आहार दुपारी मिळतो. तोवर पोट रिकामे असेल तर फळ्याकडे लक्ष कसे लागणार? गर्भवतींनीही उपाशी राहू नये. सकाळीच कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचे दुपारपर्यंतचे काम उन्हातले आणि वाकून करायचे असते. तिच्यासाठी घरून खाऊन निघणे किंवा भाकरी सोबत नेणे हेच योग्य.

सर्वाधिक सावध राहायचे ते मधुमेहींनी. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन खाणे टाळले, तर घाम फुटतो, हात थरथरतात, कधी शुद्धही हरपते. अशांनी नाश्ता बंद करण्याआधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा आणि वेळ बदलून घ्यावी.