नंबरप्लेट हरवली म्हणजे नेमके काय हरवले?

मित्रहो, मागच्या वेळी आपण अभावाबद्दल बोललो. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कसे कळते, हा आपल्याकडचा जुना प्रश्न. व्याख्यान संपल्यावर एक श्रोते म्हणाले, "सर, घट राहू द्या, परवाच्या पावसात माझ्या गाडीची पुढची नंबरप्लेट गेली, तिचं काय करू?" सगळे हसले, आम्हीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आमच्यावरही हा प्रसंग येऊन गेला आहे.

भुयारी मार्गात बंपरपर्यंत पाणी होते, आम्ही गाडी तशीच दामटली. साचलेल्या पाण्याचा जोर पुढच्या पाटीवरच येतो आणि ती उखडते. घरी आलो, गाडी लावली. तिसऱ्या दिवशी वॉचमन म्हणाला, "काका, पुढची प्लेट कुठंय?"

आता बघा, कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानले. वस्तू दिसत नाही, यावरून ती नाही हे कळते. पण त्याला एक अट आहे: वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही, असे म्हणता येत नाही. आम्ही तर तीन दिवस गाडीच्या पुढे गेलोच नव्हतो. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न नेमका हाच आला: "शेवटची कधी पाहिलीत?" तिथे अंदाजाने वेळ ठोकून देऊ नका. शेवटची नक्की कधी पाहिली आणि नाही हे कधी कळले, या दोन्ही वेळा वेगवेगळ्या सांगा.

दुसरा प्रश्न, हरवली की चोरली? पाण्यात पडली असेल तर गहाळ झाल्याची नोंद होते. स्क्रू काढलेले दिसले, लॉक कापलेले दिसले, तर चोरी म्हणून सांगा. भारतीय न्याय संहितेत पाच हजारांच्या आतल्या मालाची चोरी साधारणपणे अदखलपात्र धरतात, त्यामुळे 'एन.सी.' लिहून घेतली तर नाराज होऊ नका. प्रत मात्र घेतल्याशिवाय उठायचे नाही.

एवढा आग्रह कशासाठी? पत्र्याची किंमत ती काय! पण मंडळी, हरवला तो नुसता पत्रा नाही. आपल्या गाडीचे नाव कुणाच्या तरी हाती लागलेले असू शकते. कॅमेऱ्याला गाडी ओळखता येत नाही, त्याला फक्त अक्षरे आणि आकडे दिसतात. ती पाटी दुसऱ्या गाडीला लागली, ती गाडी सिग्नल तोडून गेली, तर ई-चलान आपल्या मोबाइलवर येणार. उद्या ती गाडी कुणाला उडवून पळाली, तर पोलीस आपल्या दारात येणार. त्या वेळी 'अमुक तारखेला मी कळवले होते' हा एकच कागद आपल्या बाजूने बोलतो. चुकीचे चलान आलेच तर वाहतूक पोलिसांकडे तक्रार करायची, त्या प्रतीसकट. आणि चलानातला फोटो नीट बघायचा. रंग, मॉडेल, आरशाचा आकार, काही ना काही वेगळे सापडते.

आता नवी पाटी. पूर्वी कोपऱ्यावरच्या रेडियमवाल्याकडे अर्ध्या तासात काम व्हायचे. ते दिवस संपले. १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या गाड्यांना 'एचएसआरपी' कंपनीकडूनच लागून येते, जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची आहे. ॲल्युमिनियमची पाटी, डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, निळ्या अक्षरांत 'आयएनडी' आणि लेसरने कोरलेला क्रमांक. हा कोरीव क्रमांक प्रत्येक पाटीचा वेगळा असतो आणि तो गाडीच्या नोंदीशी जोडलेला असतो. म्हणून रेडियमवाल्याने हुबेहूब करून दिलेली पाटी दिसायला तशी असली, तरी ती तशी नसते! नवीन गाडी असेल तर विक्रेत्याकडे जा, जुनी असेल तर परिवहन विभागाने नेमलेल्या पुरवठादाराकडे ऑनलाइन मागणी करा. आरसी आणि पोलिसांकडची प्रत जवळ ठेवा. एकच पाटी गेली असेल तर एकच मिळते. गाडीचा नंबर तोच राहतो, कोरीव क्रमांक मात्र बदलतो. पुढच्या काचेवरच्या स्टिकरवर दोन्ही पाट्यांचे कोरीव क्रमांक असतात, म्हणून तोही नवा मागून घ्या. आम्ही विसरलो होतो, पुन्हा खेप पडली.

मधल्या दिवसांत गाडी चालवायची का? शक्यतो नाही. कायद्याला पुढे आणि मागे दोन्हीकडे पाटी हवी. पोलिसांची प्रत म्हणजे परवानगी नव्हे. पुठ्ठ्यावर मार्करने नंबर लिहून चिकटवणारे आम्ही पाहिले आहेत. त्याने दंड टळत नाही. विम्याचा दावाही आम्ही केला नाही; काहीशे रुपयांसाठी नो-क्लेम बोनस कोण घालवणार?

आणि जुनी पाटी पुढे सापडली तर? आमची सापडली, दोन महिन्यांनी, भुयारी मार्गाजवळच्या चहावाल्याने भिंतीला टेकवून ठेवली होती. ती परत गाडीला लावायची नाही, कुणाला द्यायचीही नाही. ठाण्यात जाऊन जमा केली, पोच घेतली. चहावाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.