सव्वा महिन्याच्या आत

बाळ-बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. आईला विश्रांती मिळावी, बाळाला संसर्ग होऊ नये, यासाठी ती चांगलीच आहे. पण सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या, काही दिवस पेटीत ठेवाव्या लागलेल्या बाळासाठी ती मोडावी लागते. अशा बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायला हवा. बाळ फारच लहान असेल, अठ्ठावीस आठवड्यांच्या आधीचं किंवा बाराशे ग्रॅमहून हलकं, तर दोन-तीन आठवड्यांतच. ही वेळ टळली तर पुढच्या काही आठवड्यांत ते कायमचं आंधळं होऊ शकतं, आणि वरून डोळा इतका नितळ दिसतो की घरात कुणाला शंकाही येत नाही.

या आजाराचं नाव रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. दवाखान्यात सगळे आरओपी म्हणतात. पोटातल्या बाळाच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, रक्तवाहिन्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास वाढू लागतात. डोळ्याच्या मागच्या बाजूने मज्जातंतू जिथे आत शिरतो तिथून त्या निघतात आणि कडेकडे सरकतात. नाकाकडची कड छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास गाठतात, कानाकडची थेट चाळिसाव्या. पाटाचं पाणी टोकाच्या शेताला सर्वांत उशिरा मिळावं, तसं. बाळ तिसाव्या आठवड्यातच जन्मलं तर कडेच्या भागाला रक्त पोचलेलंच नसतं.

पुढचा घोळ ऑक्सिजनचा. गर्भाशयात तो कमी असतो. त्या कमतरतेमुळेच पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन तयार करतो आणि त्याच्या जोरावर वाहिन्या पुढे वाढतात. बाळ जगात आलं, त्याला ऑक्सिजन लावला, की ही गरजच संपते आणि वाढ थांबते. काही आठवड्यांनी पडद्याचं काम वाढतं, त्याला जास्त रक्त लागतं, पण तिथे वाहिनीच नसते. मग व्हीईजीएफ अतोनात तयार होतं आणि नव्या, गळक्या वाहिन्या पडद्यातून वर उठून भलतीकडे वाढतात. सोबत व्रणासारखे तंतू येतात. ते आकसले की पडदा जागेवरून ओढला जातो.

बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी १९४२मध्ये या आजाराची पहिली नोंद केली. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे दहा हजार मुलं त्याने आंधळी झाली, आणि तीही बहुतेक श्रीमंत देशांतली, उत्तम सोयींच्या रुग्णालयांतली. कारण कुणाला कळेना. १९५१मध्ये मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. १९५३-५४मध्ये अमेरिकेतल्या अठरा रुग्णालयांनी मिळून चाचणी केली आणि त्यांचा संशय खरा ठरला. मग सगळीकडे ऑक्सिजनला कात्री लागली. अंधत्व घटलं, पण बाळं दगावू लागली. केनेथ क्रॉस यांनी १९७३मध्ये हिशोब मांडला : अंधत्वापासून वाचलेल्या एकेका बाळामागे सुमारे सोळा मृत्यू. वैद्यकाच्या इतिहासात याहून जड अंदाज मी क्वचितच वाचला आहे. आज बाळाच्या पायाला ऑक्सिमीटर लावलेला असतो आणि आकडा नव्वद ते पंच्याण्णवच्या दरम्यान राहील याकडे परिचारिका डोळ्यांत तेल घालून लक्ष देते, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

आपल्याकडची अडचण आणखी वेगळी. पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यतः दीड किलोच्या आतल्या बाळांना होतो. भारतात त्याहून वजनदार बाळांनाही होतो, कारण ऑक्सिजनमध्ये मोजून हवा मिसळणारी यंत्रं सगळीकडे नाहीत आणि बाळाला जंतुसंसर्गही जास्त होतो. म्हणून आपले निकष अधिक सैल ठेवले आहेत : दोन किलोपेक्षा कमी वजन किंवा चौतीस आठवड्यांच्या आत जन्म, तर तपासणी झालीच पाहिजे. २०२०मध्ये भारतात अपुऱ्या दिवसांची सुमारे तीस लाख बाळं जन्मली. इतकी दुसऱ्या कुठल्याच देशात नाहीत.

तपासणीत काय होतं ते पालकांना आधी समजावून सांगायला हवं, कारण ती बघवत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब दर दहा-पंधरा मिनिटांनी घालतात. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, डोळा बधिर करतात, जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब सोडतात. तारेच्या चिमुकल्या चिमट्याने पापण्या उघड्या ठेवतात. डॉक्टरांच्या कपाळावर दिव्याचं यंत्र, हातात भिंग. पडद्याची कड दिसावी म्हणून बोथट दांडीने बुबुळाबाहेरचा पांढरा भाग हलकेच दाबत डोळा फिरवतात. बाळ टाहो फोडतं. काही मिनिटांत सगळं आटोपतं.

आत काय दिसतं? पहिल्या टप्प्यात रक्त पोचलेल्या आणि न पोचलेल्या भागांमध्ये एक पांढरी रेघ. दुसऱ्यात तिचा उंचवटा होतो. तिसऱ्यात त्यावरून नव्या वाहिन्या उगवतात. चौथ्यात पडदा थोडा सुटतो, पाचव्यात पूर्ण. पहिल्या दोन टप्प्यांतली पुष्कळ बाळं आपोआप बरी होतात. म्हणून एकदा पाहून भागत नाही. वाहिन्या कडेपर्यंत पोचेतो दर एक-दोन आठवड्यांनी यावंच लागतं. ‘बाहुलीत पांढरं दिसतंय’ म्हणून घरचे स्वतःहून बाळाला आणतात, तोवर बहुधा पाचवा टप्पा गाठलेला असतो, आणि मग मोठी शस्त्रक्रिया करूनही फारसं हाती लागत नाही.

चेन्नईत १९९६मध्ये एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या साडेबाराशे ग्रॅमच्या मुलीच्या बाबतीत असंच झालं. पडदा तपासून घ्या, असं घरी सोडताना कुणी सांगितलंच नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५मध्ये तिला सुमारे एक कोटी ऐंशी लाखांची भरपाई दिली. निकाल लागला तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

सांगणारं माणूस आपल्याकडे आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बाळंतीण माहेरी गेलेली असते, रुग्णालयाच्या कागदावर नवऱ्याचा फोन असतो, डिस्चार्ज कार्ड सासरच्या कपाटात राहतं. पण आशाताई घरी येतात. नवजात बाळाला भेटण्याच्या त्यांच्या ठरलेल्या दिवसांत एकविसावा आणि अठ्ठाविसावा दिवस आहेच. वजन, दूध, ताप यांच्या जोडीला ‘पडदा दाखवला का?’ एवढा एक प्रश्न त्यांनी विचारला तरी वेळ साधते. शिवाय डॉक्टरनेच गावोगाव जायला हवं असंही नाही. बंगळुरूच्या नारायण नेत्रालयाने २००८पासून प्रशिक्षित तंत्रज्ञांना कॅमेरे देऊन लहान गावांतल्या नवजात कक्षांत पाठवलं. पडद्याचे फोटो तज्ज्ञ दूर बसून पाहतात.

उपचाराची गरज ठरली की हातात दोन-तीन दिवसच असतात. नेहमीचा मार्ग लेझरचा. रक्त न पोचलेल्या कडेच्या पडद्यावर शेकडो ठिपके भाजतात. तो भाग निकामी झाला की व्हीईजीएफ घटतं आणि मधली नजर वाचते. कडेची थोडी दृष्टी जाते, नंतर जाड भिंगाचा चष्मा लागू शकतो. दुसरा मार्ग म्हणजे व्हीईजीएफला रोखणारं औषध सुईने थेट डोळ्यात सोडणं. अशा औषधांपैकी रॅनिबिझुमॅबला युरोपने २०१९मध्ये आणि अफ्लिबरसेप्टला अमेरिकेने २०२३मध्ये या आजारासाठी मान्यता दिली. इंजेक्शन लवकर होतं, पडदाही भाजावा लागत नाही. पण औषधाचा अंमल उतरल्यावर आजार काही महिन्यांनीही उलटू शकतो, म्हणून बाळाला कितीतरी आठवडे पुन्हा पुन्हा आणावं लागतं. त्यामुळे लेझर की इंजेक्शन हे ठरवण्याआधी डॉक्टर पडद्याबरोबर घरच्यांचीही चौकशी करतात : गाव किती लांब, एसटी किती वाजता, बाळाला घेऊन कोण येणार, फोन कुणाचा लिहून घेऊ?