एक कार्बन जास्त

निळी बाटली घ्यायची की लाल? नाताळच्या सुट्टीत तुम्ही इंग्लंडहून मोटरहोम घेऊन स्कॉटलंडच्या डोंगरात निघालात आणि गॅसवरून घरात दोन तट पडलेत, असं तुमच्या बाबाने फोनवर सांगितलं. म्हणून आज राजाराणीची गोष्ट नाही. आज या दोन बाटल्यांची गोष्ट. दुकानदार सांगेल, थंडीत लाल न्या, आणि तो बरोबरच सांगेल. पण निसर्गाची एवढी देखणी युक्ती गाडीच्या कपाटात बसलेली असताना तिच्यावर नुसता चहा करून घ्यायचा, हे काही माझ्या मनाला पटत नाही.

गोष्ट सुरू होते समुद्रात. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर जमिनीवर हिंडत होते तेव्हा, आजच्या उत्तर समुद्राच्या जागी एक उथळ समुद्र होता. त्यात डोळ्यांना दिसणारही नाहीत असे सूक्ष्म जीव आणि शेवाळ उन्हात वाढायचे, मरायचे आणि तळाला जाऊन बसायचे. तळाच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नव्हता, त्यामुळे ते नीट कुजलेच नाहीत. त्यांच्यावर गाळाचे थर चढत गेले, ते खोल खोल दबले आणि पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने शिजले. एवढ्या दीर्घ शिजण्यात त्यांच्यातले मोठमोठे रेणू तुटले आणि कार्बनच्या लहानमोठ्या साखळ्या तयार झाल्या. प्रत्येक कार्बनभोवती हायड्रोजन. लांब साखळ्यांचं मेण आणि डांबर, मधल्यांचं पेट्रोल-डिझेल, अगदी आखूड साखळ्यांचा वायू.

त्या आखूड साखळ्यांत दोन सख्खी भावंडं आहेत. धाकटा प्रोपेन, तीन कार्बनचा. थोरला ब्यूटेन, चार कार्बनचा. लाल बाटलीत धाकटा, निळ्या बाटलीत थोरला. फरक एका कार्बनचा आणि त्याच्या दोन हायड्रोजनचा. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फरकाने काय होतं? तर ऐका.

एक कार्बनचा मिथेन उणे १६१ अंशांना उकळतो. दोन कार्बनचा इथेन उणे ८९ ला. तीनचा प्रोपेन उणे ४२ ला. चारचा ब्यूटेन शून्याच्या जरासा खाली, उणे अर्ध्या अंशाला. आणि पाच कार्बनचा पेंटेन थेट ३६ अंशांना, म्हणजे तो पुण्यात डिसेंबरमध्ये द्रव असतो आणि मे महिन्याच्या दुपारी उकळायला लागतो! एकेक कार्बन वाढला की उकळबिंदू केवढी उडी मारतो बघा.

हे का होतं, याचं उत्तर माणसाला सापडायला १९३० साल उजाडावं लागलं. या रेणूंवर धड विद्युतभार नसतो, मग ते एकमेकांना धरून ठेवतात तरी कशाने? फ्रिट्झ लंडन नावाच्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं, की रेणूभोवतीचे इलेक्ट्रॉन सतत इकडेतिकडे सरकत असतात. क्षणभर एका बाजूला जास्त झाले, की शेजारच्या रेणूतले इलेक्ट्रॉनही त्यानुसार सरकतात, आणि दोघांत पुसटशी ओढ निर्माण होते. क्षणाची ओढ, पण अखंड चालू. रेणू लांब असला, तर शेजाऱ्याला टेकायला जागा जास्त आणि ओढही जास्त. म्हणून ब्यूटेनच्या रेणूंना एकमेकांपासून सुटायला जास्त ऊब लागते. याहून मौज म्हणजे तेच चार कार्बन आणि तेच दहा हायड्रोजन सरळ साखळीऐवजी फांदी फुटल्यासारखे जोडले, की तो आयसोब्यूटेन होतो आणि जवळपास उणे १२ अंशांनाच उकळतो. अणू तेवढेच. नुसता आकार आटोपशीर झाला, टेकायची जागा घटली, आणि अकरा अंशांचा फरक पडला. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हाइतकंच आजही अद्भुत वाटतं.

आता बाटलीच्या आत डोकावू. बाटलीत गॅस भरलेला असतो असं आपण म्हणतो, पण हलवून बघा, आत पाण्यासारखं डचमळतं. तो द्रव आहे. वीस अंशांच्या खोलीत प्रोपेनला उकळून जायचंच असतं. पण बाटली बंद. वाफ वर साठते आणि द्रवावर दाब देते. हा दाब वातावरणाच्या सुमारे आठपट झाला, की जितके रेणू वर निसटतात तितकेच परत खाली येतात आणि उकळणं थांबतं. ब्यूटेन मात्र दुपटीच्या आसपासच शांत होतो. तुम्ही शेगडीची कळ फिरवता, थोडी वाफ बाहेर पडते, दाब तसूभर कमी होतो आणि आतला द्रव लगेच उकळून ती तूट भरून काढतो. म्हणजे तुमच्या पायाशी, कपाटात, जाळ नसलेलं एक भांडं उकळत असतं. त्याला ऊब कोण देतं? भोवतालची हवा. उणे दहा अंशांची बोचरी हवासुद्धा प्रोपेनच्या दृष्टीने कढत असते!

हा स्वभाव कामाला लागला तो एका तक्रारीमुळे. १९१० च्या सुमाराला अमेरिकेत पिट्सबर्गला वॉल्टर स्नेलिंग हे सरकारी खाणखात्यात रसायनशास्त्रज्ञ होते. एका मोटारमालकाने गाऱ्हाणं आणलं, की विकत घेतलेलं पेट्रोल घरी पोहोचेपर्यंत उडून जातं. स्नेलिंगनी ते काचेच्या भांड्यात घेतलं, तर वाफेच्या दाबाने त्याचं बूच पुन्हा पुन्हा उडायला लागलं, अशी हकिगत सांगतात. उडून जाणारं ते आहे तरी काय, हे शोधताना त्यांनी प्रोपेन आणि ब्यूटेन वेगळे केले, आणि दाबून बाटलीत भरायची रीत १९१३ मध्ये पेटंट करून घेतली. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचं मूळ तिथवर जातं.

आता तुमची रात्र. समजा, ब्रेमार गावाजवळ मुक्काम आहे, बाहेर उणे पाच अंश, आणि बाटली निळी. तुम्ही कळ फिरवाल आणि काहीच होणार नाही. बाटली हलवाल तर आत भरपूर डचमळेल. गॅस संपलेला नाही, त्याने उकळायचं थांबवलंय. शून्य अंशाला ब्यूटेनचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम २० मिलिबार जास्त असतो, आणि आजकालच्या मोटरहोमच्या शेगडीला, हीटरला लागतात ३० मिलिबार. शून्याखाली तर ब्यूटेन ढिम्म.

आणि बाहेर पाच अंश असले तरी निर्धास्त राहू नका. वाफ होताना द्रवाला उष्णता खर्च करावी लागते. एक किलो ब्यूटेनची वाफ व्हायला लागणाऱ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून नव्वद अंशांपर्यंत तापेल. ही उष्णता तो आधी स्वतःतूनच काढतो, मग लोखंडातून, मग हवेतून. हीटर रात्रभर तासाला दोन-तीनशे ग्रॅम गॅस ओढत राहिला, की बाटली हवेपेक्षाही गार होते. सकाळी तिच्यावर दवाचा किंवा हिमाचा एक पट्टा दिसेल. तो जरूर बघा. पट्ट्याची वरची कड जिथे संपते, साधारण तिथपर्यंत आत द्रव आहे. दाबाचा काटा हे सांगू शकत नाही, कारण द्रव थोडा जरी शिल्लक असला तरी दाब तेवढाच राहतो. खात्री हवी तर बाटलीचं वजन करायचं.

याच ब्रेमारला १८९५ आणि १९८२ साली उणे २७.२ अंश तापमान नोंदलं गेलं. ब्रिटनमध्ये त्याहून थंड रात्रीची नोंद नाही. आणि प्रोपेनला थांबवायला उणे ४२ लागतात. म्हणजे लाल बाटली त्या रात्रींनाही उकळत राहिली असती. वाद इथेच मिटतो, लालच न्या.

मग ब्यूटेन कशाला ठेवलाय? थोरल्याचेही गुण आहेत. त्याचे रेणू दाटीने बसतात, म्हणून ब्रिटनमध्ये ज्या मापाच्या बाटलीत १३ किलो प्रोपेन, त्याच मापाच्या बाटलीत १५ किलो ब्यूटेन. किलोमागे उष्णता दोघांचीही जवळपास सारखी, सुमारे तेरा युनिट विजेइतकी. म्हणजे जुलैत स्पेनला गेलात तर निळी जास्त दिवस पुरेल, आणि उन्हात तिचा दाबही बेताचा राहील. फक्त रंगावर विसंबू नका. निळा-लाल ही ब्रिटनची खूण. स्पेनमध्ये ब्यूटेनची बाटली नारंगी असते. बाटलीवरचं नाव वाचायचं. आणि देश बदलला की बाटलीचं तोंडही बदलतं, तेव्हा जोडणी आधी विचारून घ्या.

आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये तर दोन्ही भावंडं एकत्र असतात. मुंबई-पुण्याच्या हवेत त्यांचं छान जमतं. लेहच्या हिवाळ्यात मात्र प्रोपेन आधी निघून जातो, ब्यूटेन तळाशी बसून राहतो, आणि अर्धा सिलिंडर भरलेला असूनही चूल पेटत नाही.

आणखी एक चमत्कार तुम्हाला खिडकीच्या काचेवर दिसेल. एक किलो प्रोपेन जळला, की त्यातून दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं! बाटलीतल्या हायड्रोजनला हवेतला प्राणवायू भेटतो आणि चक्क पाणी जन्माला येतं. शेगडीवर रांधलंत की तीच वाफ गार काचेवर ओघळते. म्हणून रांधताना छताची खिडकी किलकिली ठेवा, आणि ऊब हवी म्हणून शेगडी कधीही पेटती ठेवू नका. बंद जागेत प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही. त्याचा इशारा देणारं यंत्र गाडीत आहे का आणि चालतंय का, हे निघायच्या आधी बाबाकडून बटण दाबून तपासून घ्या.

गॅसला मात्र वास असतो. तो त्याचा स्वतःचा नव्हे, गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्यूटेन दुप्पट. गळला तर दोघंही खालीच साचतात. म्हणून गॅसच्या कपाटाच्या तळाला बाहेर उघडणारं भोक ठेवलेलं असतं. त्यावर पिशवी, बूट, चटई काही ठेवायचं नाही. बाटली उभीच बांधायची, आडवी केली तर वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरेल. आणि गारठ्याने ती कितीही रुसली तरी तिला जाळ दाखवायचा नाही. लाल नेलीत तर तशी वेळच येणार नाही.