बैठकीतून उभी राहणारी सेवा

रोटरी क्लबची बैठक म्हणजे जेवण, भाषणे आणि हारतुरे, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात या संस्थेचे बळ त्या नियमित भेटीतच आहे. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन सहकाऱ्यांसह पहिली बैठक घेतली, तेव्हा हेतू मैत्रीचा आणि व्यवसायवाढीचा होता. त्याच ओळखीतून पुढे शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी प्रयत्न झाले. वेगवेगळ्या व्यवसायांतली माणसे वारंवार एकत्र बसली की डॉक्टर गरज मांडतो, अभियंता आराखडा देतो, सनदी लेखापाल खर्च तपासतो आणि घेतलेल्या कामाचा जाब पुढच्या बैठकीत द्यावा लागतो.

अशी लोकसेवा हे सरकारचे काम आहे, हा आक्षेप रास्त आहे. भारतात पोलिओची लस घरोघर पोचवली ती मुख्यतः सरकारी आरोग्य यंत्रणेने. पण १९८५ मध्ये जागतिक मोहीम हाती घेतलेल्या रोटरीने निधी उभारला, तिचे सदस्य लसीकरण केंद्रांवर राबले आणि उत्साह ओसरू दिला नाही. भारतात वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. दुसरा आक्षेप सुखवस्तूंचा गट असल्याचा. तोही खोटा नाही. स्त्रियांना जगभर सदस्यत्व मिळायला १९८९ उजाडले. म्हणूनच क्लबांनी दारे आणखी उघडावीत. मात्र बैठका मोडीत काढू नयेत, कारण एका दिवसाची देणगी विसरली जाते, नियमाने भेटणारी माणसे काम तडीस नेतात.