शेकर चालावा, पण सरकू नये

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला आणि किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर आणि पुढे पंप यांसाठी ती ओळखली जाऊ लागली. कोणत्याही यंत्रशाळेत एक साधा नियम पाळतात : यंत्र आधी पाणसळीत बसवायचे, मग चालवायचे. लेथ नीट बसला नाही तर त्याच्या बेडला पीळ पडतो आणि दंडगोलाऐवजी निमुळता भाग तयार होतो. प्रयोगशाळेतील शेकरला मात्र हा नियम अनेकदा लावला जात नाही. यंत्र टेबलावर ठेवले, पिन खोचली, की काम सुरू!

औंध परिसरातील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा नमुना घ्या. अशा मातीतील उपलब्ध स्फुरद ओल्सेन पद्धतीने काढतात. माती आणि तिच्या वीसपट सोडियम बायकार्बोनेटचे द्रावण (सामू ८.५) अर्धा तास हलवावे लागते. सर्व चंबू सारखे हलले तरच आकडे तुलनेला योग्य ठरतात, आणि त्या आकड्यांवर शेतकरी खत विकत घेतो.

आता शेकरवर किती बल येते ते पाहू. तबक १२.५ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात मिनिटाला २०० फेरे घेते, असे समजू. कोनीय वेग सेकंदाला सुमारे २१ रेडियन. त्याचा वर्ग गुणिले त्रिज्या, म्हणजे त्वरण सुमारे ५.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वीय त्वरणाच्या निम्म्याहून जास्त! तबक आणि चंबू मिळून १० किलोग्रॅम असतील, तर यंत्राला सुमारे ५५ न्यूटनचा आडवा ओढा बसतो, आणि त्याची दिशा सतत फिरत राहते. वेग दुप्पट केला की हा ओढा चौपट, म्हणजे २२० न्यूटन होतो. म्हणून वेगाची कळ एकदम फिरवू नये.

या ओढ्याला अडवते ते पायांखालचे घर्षण. तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, म्हणून तिवई डुगडुगत नाही. चार पायांपैकी एक अधांतरी राहिला, तर यंत्र प्रत्येक फेऱ्यात थोडे कलते, आपटते आणि हळूहळू टेबलाच्या कडेकडे सरकते.

बसवण्याचा क्रम असा ठेवावा :

१. टेबल जड व न डुगडुगणारे निवडावे. रबरी पाय व टेबल दोन्ही कोरडे असावेत.

२. पाणसळ तबकावर आधी लांबीच्या, मग रुंदीच्या दिशेने ठेवावी. प्रत्येक वेळी ती उलट टोकाने फिरवून पाहावी. बुडबुडा जागा बदलत असेल तर दोष पाणसळीतच आहे.

३. पायांचे स्क्रू फिरवून यंत्र समपातळीत आणावे. मग एकेक कोपरा दाबून पाहावा. डुगडुगला तर स्क्रू पुन्हा जुळवून नट घट्ट करावेत.

४. चंबू समोरासमोर, सारख्या वजनाचे आणि पकडीत घट्ट बसवावेत. एकच चंबू हलवायचा असेल तर तो मध्यभागी ठेवावा.

५. जोडणी भूसंपर्क असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटला करावी. वायर तबकाच्या वाटेत नसावी. त्याच टेबलावर किंवा वरच्या फळीवर आम्लाच्या बाटल्या नकोत. कंपनाने त्याही सरकतात.

६. पायांभोवती खडूने खूण करून, रिकामे यंत्र हळू वेगाने दहा मिनिटे चालवावे. पाय खुणेबाहेर गेला तर बंद करून पुन्हा पाणसळ लावावी. नंतर भार ठेवून हीच चाचणी घ्यावी.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. वीज गेली की यंत्राचे बटण बंद करावे आणि वेगाची कळ शून्यावर आणावी. नाही तर चंबू काढणाऱ्या विद्यार्थ्याचा हात तबकावर असतानाच वीज परत येते. निसटलेला चंबू चालत्या यंत्रात हात घालून कधीही पकडू नये. आधी यंत्र थांबवावे.

शाळेत शेकर नसला तरी यातले तत्त्व दाखवता येते. चार पायांच्या स्टुलाच्या एका पायाखाली पुठ्ठा ठेवा, वर पाण्याने अर्धे भरलेले पातेले ठेवा आणि स्टूल हलकेच हलवा. मग पुठ्ठा काढून तेच करा. पाणी कधी जास्त हिंदकळते आणि का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.