गाडीत झोपणाऱ्याची थंडी : हीटर घ्यावा तर कोणता?

हिवाळा हा आपल्या कापडधंद्यातील धावपळीचा मोसम. भिवंडी-मालेगावचा माल घेऊन गाड्या उत्तरेकडे जातात आणि येताना पानिपतची ब्लँकेटे, लुधियानाचे स्वेटर भरून परततात. लहान व्यापारी व्हॅनमध्ये तागे व तयार कपडे घालून आठवडी बाजार करतो आणि सकाळी चांगली जागा मिळावी म्हणून आदल्या रात्री गाडीतच मुक्काम करतो. जानेवारीत दिल्ली-पंजाबकडे पारा ३-४ अंशांपर्यंत उतरतो, धुक्यामुळे गाडी रात्रभर ढाब्यावर उभी राहते. आपल्या नाशिक जिल्ह्यात निफाडच्या पट्ट्यातही थंडी काही कमी नसते. गाडीचा पत्रा घराच्या भिंतीसारखी ऊब धरत नाही. म्हणून दर वर्षी या दिवसांत बाजारात एकच विचारणा होते, गाडीत झोपताना लावायला एखादा छोटा हीटर आहे का?

हीटर पुष्कळ आहेत. परंतु घेण्यापूर्वी एक कसोटी लावावी, असे आम्हाला वाटते. आपण ज्या हवेत श्वास घेतो त्याच हवेवर ज्या हीटरची आग जळते, तो हीटर झोपेत चालू ठेवू नये. मग तो स्वस्त असो की महाग, देशी असो की परदेशी.

धूर नाही म्हणून धोका नाही?

कोळसा, लाकूड, गॅस, डिझेल, पेट्रोल, काहीही जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत चुरचुर नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते. माणूस श्वास घेत राहतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ४०० भाग झाले तर तास-दोन तासांत डोके दुखू लागते आणि तीन तासांनंतर जिवाला धोका असतो. १६०० भाग झाले तर तासाभरात मृत्यू येऊ शकतो. जागा माणूस डोके जड झाले, मळमळले म्हणून दार तरी उघडेल. झोपलेल्या माणसाला हा इशारा मिळत नाही.

आपल्याकडे सर्वांत जुनी चाल शेगडीची. निखारे लाल झाले, धूर संपला की शेगडी केबिनमध्ये घ्यायची, अशी पुष्कळांची समजूत आहे. ही समजूत घातक आहे. धूर संपल्यानंतरही धगधगता कोळसा हा वायू सोडतच असतो. काश्मीरकडे सफरचंदाच्या भाड्याला जाणारे ड्रायव्हर तिकडून कांगडी आणतात. कांगडीतही कोळसाच असतो, तेव्हा बंद केबिनमध्ये तीही नको. काच दोन बोटे उघडी ठेवली की झाले, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, थंडी वाढली की मध्यरात्री तीच काच कोणीतरी वर करतो. शिवाय दोन बोटांची फट किती वायू बाहेर काढील याची खात्री कोणालाच देता येत नाही.

इंजिन चालू ठेवून गाडीचा हीटर लावणे हाही उपाय नव्हे. सायलेन्सर कुठे फुटला असेल, बुडाच्या पत्र्याला भोक असेल, तर धूर आत येतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात गाड्या अडकून किमान २२ माणसे दगावली. त्यांतील काहींचा जीव इंजिन चालू ठेवून बंद गाडीत बसल्यामुळे या वायूने गेल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. बर्फाने धुराड्याचे तोंड बुजले की धूर गाडीतच शिरतो.

गॅसचा हीटर

छोट्या सिलिंडरवर चालणारे हीटर दिसायला सुबक असतात. दुकानदार सांगतो, यात प्राणवायू कमी झाला की आपोआप बंद होण्याची सोय आहे. काही चांगल्या हीटरांत ती खरोखरच असते; प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास आले की गॅस बंद होतो. पण ही सोय प्राणवायू मोजते, कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. बर्नरमध्ये कचरा अडकला असेल तर प्राणवायू पुरेसा असतानाही विषारी वायू तयार होऊ शकतो.

कापडवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी आहेत. एक किलो गॅस जळाला की सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत येते. बंद व्हॅनमध्ये ते गार पत्र्यावर आणि तागांवर बसते, आणि ओल धरलेल्या मालाला बाजारात काय भाव मिळतो हे वाचकांना सांगायला नको. दुसरे, हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली, म्हणजे नेमका अंथरुणाच्या पातळीला साचतो. भोवती कापड आणि मध्ये ज्योत, यात माल आणि जान दोन्ही जोखमीत. झोपण्यापूर्वी घरातील आग विझवावी, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. मुक्कामाच्या रात्री गाडी हेच आपले घर असते.

विजेचा हिशोब

विजेच्या हीटरमध्ये धूर नाही, हे खरे. पण बॅटरीचा हिशोब करावा. समजा गाडीची बॅटरी ६० अँपिअर-तासांची आहे. सकाळी गाडी सुरू व्हायची तर त्यातली निम्मीच, म्हणजे ३० वापरता येते. लायटरच्या खाचेत लावायचा १५० वॅटचा हीटर साडेबारा अँपिअर ओढतो. अडीच तासही पूर्ण होत नाहीत, आणि १५० वॅटमध्ये केबिन तापतही नाही. इन्व्हर्टर लावून १००० वॅटचा हीटर चालवू म्हणणाऱ्याची बॅटरी तर अर्ध्या तासाच्या आतच एवढी उतरेल.

याउलट १२ व्होल्टची विजेची गादी किंवा ब्लँकेट सुमारे ५० वॅट घेते, म्हणजे चार अँपिअर. तेवढ्याच बॅटरीवर सात तास निघतात. हवा तापवण्यापेक्षा अंग तापवणे स्वस्त पडते, हा त्याचा अर्थ. वेगळी बॅटरी बसवली तर उत्तमच. वायरला फ्यूज असावा आणि गादी दुमडून वापरू नये.

ढाब्यावर किंवा गोदामात विजेचा प्लग मिळत असेल तर तेल भरलेला बंद हीटर बरा. त्याची लाल तार उघडी नसते. कलंडल्यास आपोआप बंद होणारा आणि थर्मोस्टॅट असलेला घ्यावा, कापडापासून दूर ठेवावा, वायर जाड व अर्थिंगची असावी. लाल सळईचा उघडा हीटर कापडाच्या गाडीत मुळीच आणू नये.

ज्याची आग बाहेर राहते

रात्री-अपरात्री नेहमीच उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी डिझेलचा पार्किंग हीटर हा खरा उपाय आहे. जर्मनीच्या वेबास्टो आणि एबरस्पेशर या कंपन्यांचे असे हीटर युरोपातील ट्रकांत वर्षानुवर्षे वापरले जातात. आता चिनी बनावटीचे स्वस्त हीटरही मिळतात. यात डिझेल बंद कोठीत जळते, त्यासाठीची हवा बाहेरून येते आणि धूर नळीने बाहेर जातो. केबिनमधली हवा फक्त गरम पत्र्यावरून फिरून परत येते. दोन किलोवॅटच्या हीटरला तासाला साधारण १०० ते २५० मिलिलिटर डिझेल लागते. आठ तासांच्या रात्रीला दोन लिटर धरून चालावे. सुरू होताना तो आठ-दहा अँपिअर घेतो, नंतर फारच थोडी वीज लागते.

पण सारी मदार बसवण्यावर आहे. धुराची नळी धातूची असावी आणि तिचा एकही सांधा केबिनच्या आत नसावा. तिचे तोंड दार, खिडकी किंवा हवा घेण्याच्या नळीजवळ नसावे. पेटीसारखा उचलून नेण्याचा डिझेल हीटर मिळतो, तो गाडीबाहेर ठेवून फक्त गरम हवेची नळी आत घ्यावी. पेटीच आत ठेवली तर आग बाहेर ठेवण्याचा फायदा उरला नाही. बंद करताना त्याच्या बटणानेच बंद करावा व पंखा थांबेपर्यंत बॅटरीची तार काढू नये.

हीटर कोणताही असो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सोबत हवाच. वाहनांसाठीच्या अलार्मवर ईएन ५०२९१-२ हे युरोपीय मानक छापलेले पाहावे. मुदतीची तारीखही पाहावी, कारण त्यातील सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो. दर मुक्कामी बटण दाबून तपासावा. करोनाच्या काळात घेतलेल्या बोटाच्या ऑक्सिमीटरवर मात्र भरवसा ठेवू नये. या विषबाधेत तो प्राणवायू ठीक असल्याचा खोटा आकडा दाखवतो.

गाडीतल्या दोघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, चक्कर येऊ लागली तर अपचनाची शंका घेत बसू नये. दारे उघडून सर्वांना मोकळ्या हवेत आणावे, १०८ किंवा ११२ ला फोन करावा आणि डॉक्टरांना आग कशाची होती ते सांगावे. उपचार प्राणवायूचाच असतो.

खर्च कोणाचा?

आता मालकबांधवांशी दोन शब्द. ड्रायव्हर आणि क्लीनर गाडीत झोपतात तेव्हा लॉजचे भाडे वाचते ते आपले, आणि मालावर पहारा राहतो तोही आपल्याच. मग थंडीचा बंदोबस्त त्यांनी पदरच्या पैशाने करावा, असे म्हणणे बरोबर नाही. तसे म्हटले की ते रस्त्यावर पडलेले लाकूड आणि तगारीभर कोळसा शोधतात. नव्याने तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, पण ती सोयही बहुधा इंजिन चालू असतानाच कामाची. जुन्या गाड्या आणि छोटे टेम्पो तर त्यातही येत नाहीत.

मोठा हीटर परवडत नसेल तर निदान एवढे करावे. दोन जाड ब्लँकेटे, खाली फोमची गादी, काचांना आतून लावायचे जाड पडदे, गरम पाण्याची रबरी पिशवी, कानटोपी आणि एक अलार्म. आपण ब्लँकेटांचाच व्यापार करतो. गाडी निघण्यापूर्वी त्यातली दोन ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवावीत आणि चलनावर त्यांची किंमत लावू नये.