रसद तोडणारी माणसं

गेल्या पावसाळ्यात आत्याला घेऊन पुण्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. मधुमेह जुना, डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आलेली, डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं. आत्या निवृत्त शिक्षिका. कागदावर सही करायची तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचून, हा तिचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. संमतिपत्रात औषधाचं नाव होतं बेव्हासिझुमॅब आणि त्याखाली बारीक अक्षरांत खुलासा होता, की हे औषध मुळात मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालेलं आहे. तिनं चष्मा काढला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "अरे, मला नक्की झालंय तरी काय?"

सिस्टरनी समजूत काढली, इंजेक्शन झालं, डोळ्यावर पट्टी बांधून आम्ही रिक्षानं घरी आलो. प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. कर्करोगाचं औषध डोळ्यात गेलं कसं? त्याचा माग काढत मी बोस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधल्या एका प्रयोगशाळेपाशी पोचलो. ती लहान मुलांच्या एका सर्जननं उभी केली होती आणि तिचा विषय होता रक्तवाहिन्या.

सर्जनचं नाव जुडा फोकमन. जन्म १९३३, क्लीव्हलँडचा. वडील ज्यू धर्मगुरू. हार्वर्डमधून डॉक्टर झाल्यावर १९६० ते ६२ या काळात त्यांना अमेरिकी नौदलाच्या सेवेत जावं लागलं. वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथे फ्रेडरिक बेकर या सहकाऱ्याबरोबर काम मिळालं ते रक्ताला पर्याय शोधण्याचं, कारण महिनोन्‌महिने समुद्रावर असणाऱ्या जहाजांना टिकाऊ रक्त हवं होतं. काचेच्या पात्रात प्राण्याची थायरॉइड ग्रंथी ठेवायची, तिच्यातून हिमोग्लोबिनचं द्रावण फिरवत ती जिवंत ठेवायची, आणि द्रावण खरंच काम करतं का हे पाहायला तिच्यात उंदराच्या कर्करोगाच्या पेशी सोडायच्या. पेशींच्या गाठी वाढल्या आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या होऊन थांबल्या. मेल्या नव्हत्या; त्याच गाठी परत उंदरात घातल्या की फोफावत. मग काचेत काय कमी होतं? त्या ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या.

आपल्याकडे किल्ल्यांचा इतिहास वाचलेल्या कुणालाही पुढचा विचार लगेच कळेल. तट फोडता येत नसेल तर गडावर जाणारी रसद तोडावी. गाठ दोनेक मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या हव्यात. त्या ती आसपासच्या केशवाहिन्यांना रासायनिक सांगावा धाडून मागवते. तो सांगावा अडवला तर गाठ उपाशी राहील. १८ नोव्हेंबर १९७१ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये फोकमननी हे मांडलं. बहुतेकांनी ते हसण्यावारी नेलं. गाठीभोवतीची लाली ही नुसती सूज, असं तेव्हाचे जाणकार मानत. यातली एक बाब मला फार बोलकी वाटते. पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर गाठ येते ती कापून काढलेली, रक्त निथळलेली, पांढुरकी. सर्जन तीच गाठ माणसाच्या पोटात बघतो, तेव्हा ती लालबुंद आणि ऊन असते, हात लावला की भळाभळा वाहते. दोघंही खरं तेच बघत होते, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

फोकमन यांची कथा सहसा एकांड्या शिलेदाराची म्हणून सांगितली जाते. तशी पुस्तकं आहेत, माहितीपट आहेत. मला ती अर्धीच खरी वाटते. कल्पना त्यांची, चिकाटीही त्यांची. पण ती कल्पना पंचवीस-तीस वर्षं जगवली त्यांच्या प्रयोगशाळेत आलेल्या तरुण मंडळींनी, आणि त्यांची कामं पाहिली तर त्यात वीरश्री कमी आणि हाडं, बुरशी नि लघवी जास्त आहे.

पहिला मायकेल गिम्ब्रोन. त्यानं सशाचा डोळा निवडला. बुबुळाच्या पुढे जे स्वच्छ पाणी असतं त्यात कर्करोगाचा एक कण तरंगत ठेवला. कण जिवंत राहिला, वाढला मात्र नाही. तोच कण बुबुळाला टेकवला तेव्हा बुबुळातून रक्तवाहिन्या त्याच्या दिशेनं आल्या, त्याला भिडल्या आणि दोन आठवड्यांत गाठ मूळ आकाराच्या सोळा हजार पट झाली. सगळं बाहेरून दिसत होतं. डोळा हीच खिडकी. १९७२ साली हे छापून आलं. डोळ्याचा आणि या प्रयोगशाळेचा संबंध तेव्हापासूनचा, आणि शेवटी सगळं फिरून डोळ्यापाशीच यायचं होतं.

१९७४ साली दोन गोष्टी घडल्या. मोन्सँटो या रसायन कंपनीनं या संशोधनासाठी हार्वर्डशी करार केला, बारा वर्षांसाठी सुमारे २ कोटी ३० लाख डॉलरचा. विद्यापीठानं कंपनीचे पैसे घ्यावेत का, यावर तेव्हा बरीच कुजबुज झाली. दुसरी गोष्ट म्हणजे रॉबर्ट लँगर नावाचा केमिकल इंजिनिअर सर्जनांच्या या घोळक्यात दाखल झाला. त्याच्या बरोबरीचे तेल कंपन्यांत रुजू होत होते आणि हा कत्तलखान्यातून गाईची हाडं आणून त्यांवरची कूर्चा खरवडत बसला होता. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तेव्हा त्यांना दूर ठेवणारं काहीतरी तिथं असणार, एवढाच तर्क. ढीगभर हाडांतून चिमूटभर द्रव्य निघायचं. ते तपासायला सशाच्या डोळ्याच्या पारदर्शक पटलात हळूहळू पाझरत ठेवायला हवं होतं, आणि एवढे मोठे रेणू प्लॅस्टिकमधून पाझरूच शकत नाहीत, असं तज्ज्ञांचं ठाम मत. लँगरनं ते पाझरवून दाखवलं. १९७६ साली दोन्ही कामं प्रसिद्ध झाली, 'सायन्स'मध्ये आणि 'नेचर'मध्ये. औषध शरीरात बेताबेतानं सोडण्याची एक अख्खी विद्याशाखा त्या पाझरण्यातून वाढली. हाच लँगर पुढे मॉडर्ना कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाला. कोविडच्या लशीमुळे ते नाव आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे.

मधली काही वर्षं मी भरभर ओलांडतो. गाठीचा सांगावा म्हणजे नेमका कुठला रेणू, याचा शोध रेंगाळला होता. याच प्रयोगशाळेतल्या मायकेल क्लॅग्सब्रन आणि युएन शिंग यांना १९८४ मध्ये असा एक रेणू हेपॅरिन या द्रव्याला चिकटतो हे सापडलं, आणि त्या चिकटण्याच्याच आधारानं त्यांनी तो शुद्ध करून काढला. त्याआधी, १९८१ मध्ये, फोकमननी रुग्णालयातलं मुख्य सर्जनचं पद सोडून पूर्ण वेळ प्रयोगशाळेला दिला होता.

आता एका बशीपाशी जरा थांबू.

रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी काचेच्या बशीत वाढवणं हे नाजूक काम. रोज खाद्य बदलायचं, हात निर्जंतुक करायचे, झाकण उघडायचं तेही वरून हवेचा झोत वाहत असताना. तरीही कधीतरी बुरशी शिरतेच. बुरशी दिसली की बशी फेकून द्यायची, तीही ताबडतोब, नाहीतर शेजारच्या बश्या जातात. प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. फोकमनच्या प्रयोगशाळेतल्या डोनाल्ड इंगबरच्या बशीत अशीच बुरशी आली. फेकण्याआधी त्यानं ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बुरशीपासून लांबच्या पेशी नेहमीसारख्या पसरलेल्या होत्या. जवळच्या मात्र अंग चोरून गोल झाल्या होत्या. मेल्या असत्या तर नवल नव्हतं, पण त्या मेलेल्या नव्हत्या. बुरशीतून काहीतरी झिरपत होतं आणि ते पेशींची वाढ रोखत होतं. त्यानं बशी ठेवून घेतली. बुरशी होती अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस, झिरपणारं द्रव्य फ्युमॅजिलिन. मधमाश्यांच्या आतड्याच्या रोगावर ते आधीपासून वापरात होतं. जपानच्या ताकेदा कंपनीबरोबर त्याचं सौम्य रूप बनलं आणि १९९० साली 'नेचर'मध्ये आलं. माणसांवरच्या चाचण्यांत मज्जासंस्थेवर दुष्परिणाम दिसले आणि ते औषध बाजारात पोचलं नाही. तरीही ती बशी मला या साऱ्या हकिकतीतली सर्वांत मोलाची वस्तू वाटते.

मग लघवीची गोष्ट. सर्जन मंडळींत एक जुनी, अस्वस्थ करणारी कुजबुज होती: मोठी गाठ काढली की काही रुग्णांत दुसरीकडच्या बारीक गाठी एकदम उसळतात. फोकमनचा तर्क असा, की मोठी गाठच धाकट्या गाठींना लगाम घालणारं काहीतरी रक्तात सोडत असावी. मायकेल ओरायली या तरुण सर्जननं हे काम अंगावर घेतलं. फुप्फुसाच्या कर्करोगाचे उंदीर पाळायचे; गाठ असेपर्यंत त्यांच्या फुप्फुसांतल्या उपगाठी ठिपक्याएवढ्या राहत, गाठ काढली की फुप्फुसं भरून जात. तो लगाम लघवीतून बाहेर पडत असणार, म्हणून उंदरांची लघवी गोळा करायची. उंदीर केवढा, त्याची लघवी केवढी! गाठवाल्या उंदरांची वेगळी, निरोगी उंदरांची वेगळी. गाळायची, वेगळी करायची, प्रत्येक अंश पेशींवर तपासायचा. १९९४ मध्ये त्यातून अँजिओस्टॅटिन निघालं. गंमत म्हणजे ते आपल्याच रक्तातल्या प्लाझ्मिनोजेन या प्रथिनाचा एक तुकडा होतं. १९९७ मध्ये एंडोस्टॅटिन, तेही एका कोलॅजनचा तुकडा. उंदरांच्या गाठी विरघळू लागल्या.

पुढे जे झालं ते विज्ञानापेक्षा बाजाराचं. ३ मे १९९८ ला 'न्यू यॉर्क टाइम्स'नं पहिल्या पानावर ही बातमी छापली. औषधाचे हक्क असलेल्या एंट्रेमेड कंपनीचा शेअर शुक्रवारी १२ डॉलरवर बंद झाला होता. सोमवारी तो ८५ वर उघडला आणि ५२ च्या आसपास बंद झाला. मूळ शोधनिबंध तर पाच महिने आधीच प्रसिद्ध झालेला होता. रुग्णांच्या नातेवाइकांनी फोन करकरून जीव नकोसा केला असेल. फोकमन बिचारे सांगत होते की तुम्ही उंदीर असाल तर आम्ही तुमची चांगली काळजी घेऊ शकतो. त्याच वर्षअखेरीस अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेला आपल्या प्रयोगशाळेत तो परिणाम दिसेना. तिचे लोक बोस्टनला आले, तिथं शेजारी बसून प्रयोग केला, आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये परिणाम दिसला. अशा कामात हात शिकवावा लागतो. कागदावरच्या कृतीनं पुरणपोळी जमत नाही, तसंच हे. माणसांमध्ये मात्र एंडोस्टॅटिननं अमेरिकेत निराशाच केली. चीनमध्ये त्याचं एक सुधारित रूप २००५ मध्ये मंजूर झालं.

रसद तोडण्याचं काम शेवटी ज्या औषधानं केलं ते या प्रयोगशाळेच्या बाहेर घडलं. जेनेन्टेक कंपनीत नेपोलियोने फेरारा यांनी १९८९ मध्ये व्हीईजीएफ हा सांगावा वेगळा काढला. त्याला पकडून ठेवणारी अँटिबॉडी म्हणजेच बेव्हासिझुमॅब. २६ फेब्रुवारी २००४ ला ते पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. केमोथेरपीच्या जोडीला दिलं तर निम्मे रुग्ण १५.६ ऐवजी २०.३ महिने जगत. पावणेपाच महिने! ज्यांनी १९९८ ची ती बातमी वाचली असेल त्यांना हा आकडा किती तोकडा वाटला असेल. ज्यांच्या घरात रुग्ण होता त्यांना कदाचित नसेल वाटला. स्तनाच्या कर्करोगासाठी दिलेली मंजुरी तर अमेरिकेनं २०११ मध्ये काढूनच घेतली. गड उपाशी मरत नाही, तो दुसऱ्या वाटेनं रसद आणतो. कानपूर आयआयटीतून शिकून बोस्टनला गेलेले राकेश जैन यांनी तर उलटच मुद्दा मांडला: गाठीच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, औषधानं त्या काही काळ सुतासारख्या सरळ होतात, आणि तेवढ्या खिडकीत केमोथेरपी आत नीट पोचते. म्हणजे औषध चालत होतं, पण कदाचित भलत्याच कारणानं.

व्हीईजीएफ अडवलं की काय होतं, हे एका वेगळ्याच विकारातही दिसलं. ते दाखवणाऱ्यांतलं सुखात्मे हे आडनाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारतील. बोस्टनच्याच दुसऱ्या एका रुग्णालयात विकास सुखात्मे आणि अनंत करुमंची यांच्या गटानं २००३ मध्ये दाखवलं, की प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणी रक्तदाब चढून लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात त्या विकारात, वार एक असा रेणू जास्त प्रमाणात सोडते जो व्हीईजीएफला पकडून ठेवतो. बेव्हासिझुमॅब घेणाऱ्या रुग्णांचाही रक्तदाब चढतो आणि लघवीत प्रथिनं दिसतात. एकच कुलूप, दोन वेगळ्या घरांतलं.

आणि डोळा. मधुमेहात पडद्याला प्राणवायू कमी पडतो, पडदा व्हीईजीएफचा सांगावा धाडतो, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पण कच्च्या; त्या गळतात, सूज येते, रक्तस्राव होतो. फोकमनच्या प्रयोगशाळेशी जोडलेल्या जोन मिलर, पॅट्रिशिया डिॲमोर, अँथनी अ‍ॅडमिस यांनी नव्वदीच्या दशकात हा धागा पकडला होता. २००५ मध्ये मायामीतल्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी बेव्हासिझुमॅब थेट डोळ्यात टोचलं. मात्रा केवढी? ०.०५ मिलिलिटर, त्यात औषध सव्वा मिलिग्रॅम. कर्करोगासाठीची लहानात लहान कुपी १०० मिलिग्रॅमची, म्हणून एका कुपीतून अनेक डोळे होतात आणि खर्च आवाक्यात येतो. आत्याच्या संमतिपत्रातली ती बारीक ओळ याच हिशेबातून आलेली.

फोकमन १४ जानेवारी २००८ ला डेन्व्हर विमानतळावर हृदयविकारानं गेले. व्हँकुव्हरला व्याख्यानाला निघाले होते. प्रयोगशाळा थांबली नाही. कूर्चेवरच्या कामातूनच पुढे आलेल्या मार्शा मोझेस यांनी त्या विभागाची धुरा घेतली. त्यांचा एक विषय म्हणजे लघवीच्या तपासणीतून कर्करोग लवकर ओळखणं. पुन्हा लघवीच!

तीन इंजेक्शनांनंतर आत्या पेपरातलं शब्दकोडं सोडवू लागली आहे. तिचा उजवा डोळाही तपासणीत वेळेवर सापडला. तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल तर अंधुक दिसायची वाट पाहू नका. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, आणि जाताना कुणाला तरी बरोबर न्या. थेंब घातल्यावर काही तास नीट दिसत नाही.